भरला हात

नवरीची भरगच्च मेंदी म्हणजे बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, आणि पायांवर नखांपासून घोट्याच्या वर, कधी थेट पोटरीपर्यंत, आतून-बाहेरून काढलेली मेंदी. तिचे सर्वांत ओळखीचे रूप राजस्थानी किंवा मारवाडी म्हणून चालते. एकटीने काढायची तर दोन्ही हात-पाय मिळून सहा-आठ तास सहज जातात. दोघीजणी एकेक हात धरून बसल्या तर वेळ निम्म्यावर येतो, पण मग दोघींचा हात, म्हणजे रेघेची जाडी आणि वळण, जुळावा लागतो. तो जुळला नाही तर नवरीचा डावा हात एका घरचा आणि उजवा दुसऱ्या घरचा वाटतो.

‘भरगच्च’ हा शब्द मात्र फसवा आहे. हात खरोखरच भरून टाकला, कुठेही कोरी कातडी ठेवली नाही, तर दुसऱ्या दिवशी नक्षी उरत नाही. विटकरी हातमोजा उरतो. नक्षी दिसते ती दोन रेघांमधल्या कोऱ्या फटीमुळे. त्यामुळे या मेंदीतले खरे कसब भरण्यात नसून सोडण्यात आहे. कुठे केसाएवढी फट ठेवायची, कुठे पाकळीएवढी, आणि कुठे मुद्दाम काही भाग ठोकळ्यासारखा गडद भरून शेजारची जाळी उठावदार करायची, याचा हिशेब काढणारीच्या डोक्यात आधीपासून असतो. अरबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेंदीत एक वेल तळव्यावरून तर्जनीकडे तिरकी जाते आणि बाकी हात मोकळा राहतो. तिथली रिकामी जागा कुणालाही दिसते. राजस्थानी मेंदीत तेवढीच रिकामी जागा असते, फक्त तिचे हजार तुकडे करून ती हातभर वाटून टाकलेली असते.

काम जवळून पाहिले की हे कळते. आधी कोपराच्या खाली एक आडवी रेघ पडते, ती हद्द. मग मनगटावर दुसरी. या दोन रेघांमधल्या हाताचे पट्टे पडतात, साडीच्या पदराचे पडतात तसे. तळव्याच्या मध्यावर एक गोल किंवा कमळ बसते आणि बोटांच्या पेरांवर लहान लहान घरे आखली जातात. एवढा सांगाडा उभा राहिला की भरणी सुरू होते. एखादी कोयरी घ्यावी. तिची बाहेरची रेघ जाड असते. तिच्या आत, फट सोडून, बारीक रेघ. दोन रेघांच्या मधल्या वाटेत टिंबे किंवा कमानी. पोटात एक फूल, फुलाच्या भोवती आडव्या-उभ्या रेघांची जाळी, जाळीच्या प्रत्येक चौकोनात एक ठिपका. कोयरीच्या शेपटीला तीन उतरते थेंब. दोन बोटांएवढ्या जागेत मेंदीच्या कोनाचे टोक पन्नासेक वेळा टेकते आणि उचलले जाते. टेकते असे म्हणायचे, पण सरावलेल्या हाताचा कोन कातडीला क्वचितच लागतो. टोक किंचित वर तरंगते, लगद्याची तार खाली सुटत राहते आणि ती हवी तिथे निजवली जाते. म्हणून वळणे गुळगुळीत येतात. टोक कातडीवर घासणाऱ्या नवशिकीची रेघ दर वळणाला अडखळते, आणि ते अडखळणे रंग चढल्यावर जास्तच दिसते.

डावा आणि उजवा हात एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. दोन्ही तळवे शेजारी ठेवले की अर्धे अर्धे चित्र जुळून पूर्ण होईल अशी मांडणी पुष्कळदा केलेली असते: एका हातावर राजा, दुसऱ्यावर राणी, किंवा मनगटाच्या दोन्ही बाजूंनी निघालेली एकच वरात. हत्ती, डोली, सनई, कलश, मोर, कमळ हे या मेंदीचे नेहमीचे गडी. राजस्थानात जमिनीवर काढल्या जाणाऱ्या मांडण्यांशी या मेंदीचे जवळचे नाते आहे. तीजेला लहरिया किंवा घेवर, एरवी चौपडीचा पट, अशी सणागणिक आकृती बदलण्याची रीत तिथे होती. घेवरासारखी मिठाई तळहातावर येते हे ऐकायला मजेचे वाटते, पण घेवराचा जाळीदार गोल पाहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. आणि जाळी म्हटले की इमारतीही आल्याच. अहमदाबादची सिदी सैयद मशीद १५७२-७३ सालची. तिच्या दगडी जाळीतले फांद्या पसरलेले झाड आज मेंदीच्या वह्यांतही सापडते. फरक एवढाच, की दगडी जाळीत कोरून काढलेल्या जागेतून उजेड येतो आणि हातावर न रंगवलेल्या जागेतून.

सगळ्या देशात मेंदी अशी कधीच नव्हती. तमिळनाडूत मरुदाणी आणि आंध्र-तेलंगणात गोरिंटाकू म्हणून जी लावली जाते ती ताज्या पानांची. तळव्याच्या मध्यभागी एक मोठा गोल, भोवती छोटे गोल आणि बोटांच्या टोकांना टोप्या. तेलुगू घरांत आषाढात ती हमखास लागते. महाराष्ट्रातही नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाट्या-वरवंट्यावर वाटलेली मेंदी अशीच असे. पानांत थोडा कात, लिंबाचा रस, कुणी चहाचे पाणी घाली. मुली मुठी आवळून झोपत आणि सकाळी अंथरुणाला मेंदी लागली म्हणून बोलणी खात. त्या गोलात नक्षी नसते, म्हणून तो कमी प्रतीचा असे समजण्याचे कारण नाही. रंगाच्या दृष्टीने पाहिले तर लगद्याचा तो जाड गोळा रात्रभर ओला राहतो आणि असा काही लालभडक उतरतो, की बारीक रेघेच्या महागड्या मेंदीला तो रंग स्वप्नातही मिळत नाही.

नक्षी काढायची तर पूर्वी आगकाडी, खराट्याचा हीर असे काहीतरी हाती असे. काडीच्या टोकावर लगदा घेऊन त्याची तार ओढत न्यायची. काडीनेही देखणी मेंदी निघे, पण दर दोन बोटांवर काडी पुन्हा बुडवावी लागे आणि रेघेची जाडी एकसारखी राहत नसे. प्लॅस्टिकच्या किंवा सेलोफेनच्या कागदाचा कोन आला आणि हे बदलले. कागद टाचणीभोवती वळवायचा, कडेला चिकटपट्टी, कपडछान केलेल्या मेंदीचा लगदा आत, वरचे तोंड दुमडून बंद, टाचणी काढली की टोकाला बारीक भोक तयार. अंगठ्याच्या दाबावर हातभर अखंड रेघ निघते. आज ‘पारंपरिक’ म्हणून जिचे कौतुक होते ती कोपरापर्यंतची जाळीदार भरणी घरोघर पोचली ती या कोनामुळे. आकृत्या जुन्या आहेत, त्यांची इतकी दाटी तुलनेने नवी आहे. परंपरेच्या नावाने चालणाऱ्या पुष्कळ गोष्टींचे असेच असते, त्यात मेंदीला वेगळा दोष द्यायला नको.

झुडपाची हकीकत साधी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याला ‘लॉसोनिया इनर्मिस’ हे नाव दिले. लॉसोनिया हे आयझॅक लॉसन या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून. लिनियसच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाच्या छपाईला त्याने हातभार लावला होता. इनर्मिस म्हणजे बिनकाट्याचे, पण झुडूप जुने झाले की त्याला काटे येतात. संस्कृत वैद्यकात येणारी मदयन्तिका ती हीच, असे मानतात. बारीक पांढरट फुलांचे झुबके आणि त्यांचा जड वास. त्याच फुलांचे हिना अत्तर. महाराष्ट्रात बागेच्या कुठल्याही कातरलेल्या कुंपणाला सरसकट मेंदी म्हणायची सवय आहे, त्यातले प्रत्येक झुडूप हातावर रंगेलच असे नाही. बाजारातली बहुतेक नावाजलेली पूड राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची. तिथली जमीन कोरडी, पाऊस बेताचा. एकदा लावलेले झुडूप वर्षानुवर्षे पाला देत राहते, पावसाळा सरल्यावर विळ्याने कापणी होते आणि पाला वाळवून झोडपला जातो. सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला.

पानातल्या रंगद्रव्याचे नावही त्या डॉक्टरच्याच वाट्याला गेले: लॉसोन. पानात ते मोकळे नसते, साखरेशी बांधलेले असते. पान चेचून किंवा पूड भिजवून ठेवली की हळूहळू सुटते. मेंदी लावण्याआधी काही तास भिजवतात ती याचसाठी. लिंबाच्या आंबटपणाने हे सुटणे सावकाश आणि टिकून होते, साखरेने लगदा लवकर वाळत नाही आणि कातडीला धरून राहतो, निलगिरीसारख्या तेलाने रंग गडद होतो. सुटलेला लॉसोन त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिनला चिकटतो. चिकटल्यावर तो धुऊन निघत नाही, थरच झडून जावा लागतो. लगदा काढला त्या घटकेला हात नारिंगी दिसतो आणि नवरीची आई धास्तावते. खरा रंग पुढच्या एक-दोन दिवसांत, हवा लागून, चॉकलेटी होतो. म्हणून मेंदी लग्नाच्या आदल्या रात्री न काढता दोन दिवस आधी काढणे शहाणपणाचे. हळदीच्याही आधी, कारण तेलकट अंगावर मेंदी नीट धरत नाही; पण मग हळद खसखसून काढली तर मेंदीचा वरचा थर जातो, ते सांभाळायचे.

यातून एक विरोधाभास उभा राहतो, तो भरगच्च मेंदीच्या गळ्यातच बांधलेला आहे. रेघ जितकी बारीक तितका लगदा कमी, तितका तो लवकर वाळतो आणि पापुद्रा होऊन गळतो, आणि तितका रंग फिका. म्हणजे जी मेंदी सर्वांत कष्टाची तीच रंगायला सर्वांत अवघड. शिवाय रंग कातडीच्या जाडीवर ठरतो. तळहात-तळपायाची कातडी जाड, तिथे तेलग्रंथी नाहीत, म्हणून तिथे मेंदी काळपट लाल होते. पंजाच्या पाठीवर ती एक पायरी उतरते, आणि कोपराजवळ, जिथे काढणारीने शेवटचे हत्ती काढलेले असतात, तिथे उरते ते पुसट नारिंगी. पुढचा सगळा खटाटोप हा उतार झाकण्यासाठी. साखर-लिंबाच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून वाळू लागलेल्या मेंदीवर टिपत राहायचे. तव्यावर चार लवंगा टाकून धूर निघाला की त्यावर हात धरायचे. सहा-आठ तासांनी, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, लगदा बोथट सुरीने किंवा तळव्याने तळवा चोळून खरवडायचा, पाण्याने नाही. मग तेलाचा हात फिरवायचा आणि शक्य तितका वेळ पाणी टाळायचे. लवंगांच्या धुरीत खरे काम ऊब करते की लवंग, याबद्दल मेंदीवाल्या ठाम असतात: लवंग. ऊब तरी काम करतेच. रंग किती चढला यावरून नवऱ्याचे किंवा सासूचे प्रेम मोजण्याची रीत सगळीकडे आहे. त्या हिशेबाने जुनी, हवा लागून उतरलेली पूड विकणारा दुकानदार कित्येक संसारांना आधीच नाट लावून बसलेला असतो.

या रात्रीत नवरीला काहीच करता येत नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, पाय उशीवर टेकवलेले. पाणी कुणीतरी पाजायचे, घास कुणीतरी भरवायचा, नाकावर आलेली केसांची बट कुणीतरी मागे सारायची. फोन वाजला तर तो कुणीतरी कानाशी धरायचा. नाक खाजले तर तेही सांगावे लागते. जिच्या हातांवर उद्यापासून घर टाकायचे, तिचे हात एक रात्र सगळ्यांनी मिळून निकामी केलेले असतात. मेंदी उतरेपर्यंत नव्या सुनेला काम सांगू नये, असा संकेत उत्तरेत जुना आहे. तो पाळणारी घरे किती, हा प्रश्न निराळा, पण गडद रंगासाठी चाललेल्या धडपडीत निव्वळ हौस नव्हती, हे त्यावरून समजते. रंग जितका टिकेल तितके दिवस पदरात.

मराठी लग्नाच्या जुन्या विधींत मेंदीला स्वतःची जागा नव्हती. देवक, घाणा, हळद, चुडा ही त्यांची ओळ. मेंदी लावली तर हौसेची, टोप्यांची किंवा आटोपशीर वेलबुट्टीची. मुसलमान घरांत मात्र मेंदीची रात्र हा लग्नाचाच भाग होता. मराठीत ‘भरला हात’ म्हणजे हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात. बांगड्या घालत नाहीत, भरतात, आणि त्या भरायला कासार येतो. कोपरापर्यंतची मेंदी मराठी घरात आली ती हिंदी सिनेमाच्या, शेजारच्या गुजराती-मारवाडी लग्नांच्या आणि पुढे लग्नसोहळे आखून देणाऱ्यांच्या मार्गाने. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ सालचा, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५चा. त्यानंतर मेंदीला स्वतःची संध्याकाळ, स्वतःचे गाणे-बजावणे आणि स्वतःचा पोशाख मिळाला. आता चुड्याआधी मेंदी हा क्रम इतका रुळला आहे, की तो आजीच्याही लग्नात होता असे नाती समजतात. चुडा चढला की मनगटावरची अर्धी नक्षी बांगड्यांखाली जाते. मेंदीवाल्या हे ओळखून असतात. हिरव्या बांगड्या कुठपर्यंत येणार ते विचारून मनगटाचा पट्टा साधा ठेवतात आणि वेळ वाचवतात.

उसनी आणलेली ही रीत मराठी हातावर हळूहळू मराठीही झाली. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर आणि आसावली तळव्यावर आली. कोयरी तर हळदीकुंकवाच्या करंड्यामुळे घरचीच होती. राजा-राणीच्या जागी मुंडावळ्या बांधलेली जोडी, नाकात नथ. डोलीच्या जागी तुळशीवृंदावन. काही जणी वारलीतला तारपा आणि त्याच्याभोवतीचा फेर मनगटावर गोल फिरवतात. वारली घरात लग्नाला भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, तेव्हा ही उसनवारी अगदीच अस्थानी म्हणता येत नाही. देवाधर्माच्या चित्रांबद्दल मात्र दोन मते आहेत. तळव्यावर गणपती किंवा विठ्ठल-रखुमाई काढून घेणाऱ्या पुष्कळ; पण पायावर देव काढत नाहीत, हा नियम न सांगता पाळला जातो. पायाला कमळ, वेल, मोर. हातावरच्या गणपतीने आठव्या दिवशी अर्धवट पुसट होऊन भांडी घासावीत, हे काही जुन्या बायकांना रुचत नाही, आणि त्यांच्या नाराजीत तथ्य आहे.

नवऱ्याचे नाव नक्षीत लपवण्याचा खेळ सर्वत्र आहे. नाव जाळीत लपवले तर ते सहसा सापडते, कारण डोळा जाळीत सारखेपणा शोधतो आणि अक्षर तो सारखेपणा मोडते. मुरलेली काढणारी ते पाकळीच्या कडेला, शिरा म्हणून काढते.

जी मेंदी पंधरा मिनिटांत काळी होते ती मेंदी नसते. झटपट काळ्या रंगाच्या कोनांत बहुधा पॅराफेनिलिनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी, मिसळलेले असते. हे केसांच्या कलपातले रसायन. थेट कातडीवर ते काहींना भाजल्यासारखे फोड आणते, हत्ती-मोरांच्याच आकाराचे व्रण उरतात, आणि एकदा हे वावडे जडले की पुढे आयुष्यभर केसांचा कलपही सोसत नाही. खऱ्या मेंदीचा लगदा हिरवट-तपकिरी असतो, वास पाल्याचा आणि तेलाचा असतो आणि पहिला रंग नारिंगीच उतरतो. काळ्याभोर मेंदीचा हट्ट धरणाऱ्या नवरीला नकार देणारी बाई त्या दिवसाचे पैसे सोडते. असा नकार देणाऱ्या बायकाही आहेत.

उत्तरेत हे काम पूर्वी नाइणीकडे असे, म्हणजे नाभिकाच्या घरच्या बाईकडे. आता शहरांत बाजारपेठेच्या फुटपाथवर, स्टुलावर बसून, करवा चौथ-तीजेच्या दिवसांत रांग लावून मेंदी काढणाऱ्यांत राजस्थान-उत्तर प्रदेशातून आलेले पुरुषही पुष्कळ दिसतात, आणि त्यांचा वेग पाहण्यासारखा असतो. लग्नाची भरगच्च मेंदी मात्र बहुतांशी बायकांच्या हाती राहिली आहे, कारण ती घरात, आतल्या खोलीत, पाय पोटरीपर्यंत उघडे ठेवून काढायची असते. सहा तास मान खाली, पाठ वाकलेली, अंगठा सतत दाबात. अंगठ्याचा सांधा दुखू लागला की कोन बदलायचा, अंगठा कुठून बदलणार? जगाने या कलेची दखल घेतली ती अलीकडे: डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. प्रस्ताव सोळा अरब देशांचा होता, त्यात भारत नव्हता.

परदेशी निघालेल्या नवरीपुढे एक वेगळीच अडचण येते. व्हिसासाठी बोटांचे ठसे घेताना बोटांच्या टोकांवर मेंदी चालत नाही, असे ब्रिटनच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे हात कोपरापर्यंत भरलेला आणि बोटांची पेरे कोरी, अशीही मेंदी आता निघते. टोप्यांच्या जुन्या रिवाजाच्या अगदी उलट.

रंग उतरतो तो चढला त्याच्या उलट क्रमाने. कोपराजवळचे हत्ती आठवड्याच्या आत जातात. मग पंजाची पाठ. तळवा दोन-तीन आठवडे तग धरतो, पण सगळीकडे सारखा नाही. जिथे कढईचा दांडा किंवा पिशवीचा बंद घासतो तिथे आधी, खोलगट मध्यावर शेवटी. तिसऱ्या आठवड्यातला तळवा कुणी मुद्दाम दाखवत नाही. जाळीचे चौकोन पुसून ठिपके मागे राहतात, कोयरीची शेपटी असते आणि पोट नसते. नखांचे वेगळे आहे. नख केराटिनचेच, आणि ते झडत नाही, वाढते; महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. मुळाशी नवे, फिकट गुलाबी नख येऊ लागते आणि नारिंगी भाग हळूहळू टोकाकडे सरकतो. लग्नाचे अल्बम येऊन, पाहून, कपाटात गेलेले असतात तेव्हा अंगठ्याच्या टोकाला एक बारीक नारिंगी कोर उरलेली असते. ती नेलकटरने जाते.